बेसमेंटमधलं आरमार

बोटीत पाऊल ठेवलं की ज्याला मळमळायला लागतं, असा माणूस सबंध आरमाराचा धनी होऊ शकतो, हे आमच्या व्याह्यांना पाहिल्याशिवाय कुणालाही पटायचं नाही. जन्म नागपूरचा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअर झाल्यावर, आणि तोही किनाऱ्यापासून सुरक्षित अंतरावरून. टोरांटोच्या बेटावर जाणारी फेरी कपातला चहा निवायच्या आत पलीकडे पोचते, पण तेवढ्या वेळातही व्याही तोंडात आल्याचा तुकडा धरून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत बसतात. आणि मिसिसागातल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये, जिथे बाकीची मराठी मंडळी ट्रेडमिल आणि तांदळाच्या बॅगा ठेवतात, तिथे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सम्राटाचं, कैसरचं, नौदल नांगर टाकून बसलेलं असे. दुर्बिणी, होकायंत्रं, जहाजावरचं पितळी घड्याळ, खलाशांच्या टोपीभोवतीच्या जहाजाचं नाव विणलेल्या रेशमी पट्ट्या, कोटाची बटणं, बॅरोमीटर. एक मोठा पितळी कर्णा होता, त्यातून म्हणे कप्तान खाली इंजिनवाल्यांना हुकूम सोडत असे. त्या कर्ण्यातून व्याही वर स्वयंपाकघरात चहा मागवत. चहा येत नसे, हा भाग वेगळा.

आमची त्यांची पहिली भेट झाली ती माझ्या मुलीचं लग्न त्यांच्या मुलाशी ठरलं तेव्हा. मी हॉल, जेवण, गुरुजी असे सगळे विषय मनात घोळवून गेलो होतो. व्याह्यांनी माझा कोट हातात घेतला आणि कोट टांगायच्या आधी मला जिना दाखवला. "डॉक्टर, आधी खाली चला. बोलणी काय, होतच राहतील." मी वर आलो तेव्हा बायकांनी तारीख, हॉल आणि मेनू ठरवून टाकला होता, आणि मला टॉर्पेडो-बोट आणि क्रूझर यांच्यातला फरक समजला होता. तो मी लगेच विसरलो. पुढच्या प्रत्येक भेटीत त्यांनी तो मला नव्याने समजावला आणि मी दर वेळी नव्याने आश्चर्य व्यक्त केलं. व्याह्यांशी संबंध चांगले राहावेत म्हणून माणसाला काय काय करावं लागतं!

रोज सकाळी दात घासण्याआधी ते बॅरोमीटरवर बोटाने दोनदा टिचकी मारत आणि मला फोन करत. "काटा पडलाय डॉक्टर. विंटर टायर्स आजच लावून घ्या." बाहेर लख्ख ऊन असे. पण एका वर्षी दिवाळीच्या आधीच बर्फ पडलं, अख्खं गाव बर्फ उपसायचं शोव्हल शोधत फिरत होतं, आणि आमची गाडी मात्र टायर बदलून तयार होती. त्या एका विजयावर त्यांनी पुढे कित्येक हिवाळे काढले.

छंदाला त्यांनी कुंपण मात्र पक्कं घातलं होतं. कैसर गेला तिथे त्यांचा संग्रह संपला, त्यानंतरच्या राजवटीची टाचणीसुद्धा घरात यायची नाही. जुन्या लष्करी वस्तू विकणाऱ्या एका मिलिटरी शोमध्ये मी त्यांच्याबरोबर हौसेने गेलो होतो. एका टेबलवाल्याने इकडेतिकडे बघून, खालच्या खोक्यातून नाझी स्वस्तिक असलेलं पट्ट्याचं एक बक्कल काढून पुढे केलं. व्याह्यांनी हातसुद्धा लावला नाही. "सर, इन माय हाउस स्वस्तिक इज ओन्ली ऑन द उंबरठा. माय वाइफ ड्रॉज इट, विथ कुंकू," असं म्हणून ते ताठ मानेने पुढच्या टेबलाकडे निघून गेले. उंबरठा म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याला मी सांगत बसलो.

दुसरा दंडक पितळेला हात न लावण्याचा. शंभर वर्षांत पितळेवर जो काळपट थर चढतो, तो संग्राहकांना म्हणे सोन्याहून प्यारा. पॉलिश केलं की वस्तू मेली. विहीणबाई मूळच्या कोल्हापूरच्या, त्यांच्या माहेरी काळं भांडं म्हणजे घरात बाई नसल्याची खूण. "हा मळ नाही, इतिहास आहे!" असं व्याही ओरडले की त्या म्हणत, "मग उद्यापासून तुमचं ताटही ऐतिहासिकच ठेवते." त्यामुळे बेसमेंटची किल्ली व्याह्यांच्या जानव्याला बांधलेली असे. जानवं त्यांनी त्यासाठीच ठेवलं असावं असा माझा संशय आहे.

एवढं सगळं होतं, पण घंटा नव्हती. जहाजाची घंटा म्हणजे जहाजाचा प्राण, तिच्यावर जहाजाचं नाव कोरलेलं असतं, आणि अशी एक घंटा जवळच्या किचनर गावातल्या एका जर्मन आजोबांकडे होती. या गावाचं नाव पूर्वी बर्लिन होतं, हे व्याही तिथल्या रहिवाशांनाही सांगत. आजोबांचे वडील पहिल्या महायुद्धात एका छोट्या टॉर्पेडो-बोटीवर खलाशी होते, ती मोडीत निघाली तेव्हा त्यांनी घंटा मागून घेतली, आणि मुलगा, म्हणजे हे आजोबा, तरुणपणी कॅनडात आला तो ती ट्रंकेत घालून. आजोबा नव्वदीकडे झुकलेले, मूलबाळ नाही. घंटा पैशांना द्यायची नव्हती, पण चांगल्या घरी पडायला हवी होती. व्याही कित्येक वर्षं त्यांच्याकडे केक घेऊन जात होते. शेवटी आजोबा म्हणाले, "आधी मी तुमचं घर बघतो. मग सांगतो."

व्याह्यांची झोप उडाली. "डॉक्टर, मुलीकडचे घर बघायला येतायत असं समजा. तुम्ही कोट घालून या. तुम्ही असलात की जरा वजन पडतं." मी गेलो. दार उघडलं ते विहीणबाईंनी, जरीच्या साडीत. मागे कॉरिडॉरमध्ये व्याही भिंतीला टेकून उभे होते. चेहरा फेरीतल्यासारखा.

झालं होतं असं. आजोबांनी नेमका खंडेनवमीचा दिवस दिला होता. त्या दिवशी विहीणबाई घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा करतात, ड्रिलपासून मिक्सरपर्यंत. आणि व्याही आजोबांसाठी केक आणायला गेले ते आंघोळीच्या वेळी काढलेली किल्ली खुंटीवरच विसरून. "पाहुणे घर बघायला येणार आणि भांडी अशी काळी? जन्मभराची इच्छा आहे यांची, म्हटलं आपणही हातभार लावू," विहीणबाई मला अगदी भाबडेपणाने म्हणाल्या. चिंच आणि मीठ लावून त्यांनी कैसरचं आरमार घासून काढलं होतं. खाली सगळं सोन्यासारखं झगझगत होतं, प्रत्येक वस्तूला हळदकुंकू, वर बॅकयार्डातल्या झेंडूचं फूल. कर्ण्याला हार.

"शंभर वर्षं गेली, डॉक्टर," व्याही पुटपुटले. "एका सकाळीत." बायकोला मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. तिचे चिंचेने चिरलेले हात त्यांनी पाहिले होते.

आजोबा आले. काठी टेकत जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. मी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग त्यांनी विचारलं, "हू डिड धिस?"

व्याही चटकन पुढे झाले. "आय डिड." इतकं सरळ खोटं बोलताना मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही.

आजोबांनी व्याह्यांच्या स्वच्छ नखांकडे बघितलं, मग विहीणबाईंच्या बोटांकडे, आणि हसले. त्यांचे वडील सांगायचे, म्हणाले, बोटीवर रोज पहाटे पितळ घासायचं. थंडीने बोटं फुटायची. एक डाग राहिला तर रजा बंद. "माझ्या वडिलांनी घंटा काळी पाहिली असती तर मला घराबाहेर काढलं असतं. मी म्हातारा झालो, हात चालत नाहीत." मग त्यांनी कशाने घासलं ते विचारलं. विहीणबाईंनी वरून चिंचेचा गोळा आणला. आजोबांनी तो जिभेला लावून पाहिला, डोळे गच्च मिटले, आणि म्हणाले, "गुड. व्हेरी गुड."

पुढच्या आठवड्यात घंटा आली. आजोबांनी ती व्याह्यांच्या पसरलेल्या हातांना वळसा घालून विहीणबाईंच्या हातात दिली. अट एकच, तिला मुकी ठेवायची नाही, रोज एकदा तरी वाजवायची. त्या दिवसापासून त्या घरी संध्याकाळची आरती जर्मन घंटेवर होऊ लागली. आजोबा जमेल तेव्हा ऐकायला येत आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन जात. मागच्या हिवाळ्यात ते गेले.

आता व्याह्यांनी घर विकलंय. गुडघे जिना चढू देत नाहीत, म्हणून कॉन्डो घेतलाय. आरमार बाकीच्या संग्राहकांकडे पांगलं. मुलगा आणि माझी लेक व्हँकुव्हरला, त्यांच्याही कॉन्डोत शेजारी खोकला तरी ऐकू येतो. घंटेचं काय, हे मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

गेल्या रविवारी व्याही न सांगता आमच्याकडे आले. चहा नको म्हणाले. दिवाणखान्यात फिरले, देवघराशेजारच्या भिंतीवर बोटाने टिचकी मारून पाहिली, शेजारचं घर किती लांब आहे ते खिडकीतून बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून माझ्या बायकोला म्हणाले, "विहीणबाई, तुमच्याकडे चिंच असते ना घरात?"

"असते की. का हो?"

"नाही, सहज."

लेकीच्या लग्नाआधी एकदा मीही त्यांच्या घरात असाच फिरलो होतो, भिंती बघत, काही न विचारता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "व्याहीबुवा, रोज वाजवू आम्ही. काळजी करू नका."

कोटाच्या खिशातून त्यांनी एक मोठा खिळा काढला आणि हातोडी कुठे आहे म्हणून विचारलं.