झाकणावरचं पाणी

आईला गावी एकटीने राहू द्यायचं की नाही, हे त्या दिवशी झिरकपूरच्या माझ्या स्वयंपाकघरात ठरणार होतं. आणि आईला ते माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

दिवाळीच्या आधी तिने रोह्याच्या घरी दूध गॅसवर ठेवलं आणि ती देवळात निघून गेली. शेजारच्या काकूंना धूर दिसला म्हणून निभावलं. तेव्हापासून ती इथे, चंदीगडजवळ माझ्याकडे होती आणि रोज परतीच्या तिकिटाचं टुमणं लावत होती. शेवटी भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "एकदा तिला एकटीला काहीतरी पहिल्यापासून करू दे. मध्ये बोलू नकोस, मदत करू नकोस. जमलं तर मी तिकीट काढतो. नाही तर घर भाड्याने देऊन टाकू." पुण्यात बसून परीक्षा घ्यायला याचं काय जातंय, असं वाटून मला संताप आला. पण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

"आई, बिरडं कर ना," मी म्हटलं.

कडवे वाल तिनेच गावाहून पिशवीत आणले होते. इथे राजमा गल्लोगल्ली मिळतो, वाल दाखवले तर दुकानदार आपल्यालाच विचारतो, "ये क्या है जी?" जानेवारीच्या थंडीत त्यांना मोड येईनात, तेव्हा फडक्यात बांधलेले वाल तिने रजईत पोटाशी घेतले आणि तशीच झोपली. सकाळी मोड आले होते. कोमट पाण्यात टाकून ती ते सोलायला बसली. तिची बोटं इतकी सराईत चालत होती की मला हायसं वाटलं.

फोडणी झाली. हिंग, हळद, तिखट, मग वाल. एकही दाणा मोडू न देता तिने ते हलवले, थोडं पाणी घातलं, आच मंद केली आणि वर झाकण ठेवलं. मी शेजारी कोथिंबीर निवडत असल्याचं सोंग करत होते. मग आमसुलं आणायला ती आतल्या खोलीत, आपल्या बॅगेपाशी गेली.

झाकण कोरडं होतं.

बिरड्याच्या झाकणावर पाणी ठेवायचं, म्हणजे वाल वाफेवर शिजतात आणि लागेल तसं तेच गरम पाणी आत घालता येतं. हे मला तिनेच शिकवलं होतं. मी विसरले की हातावर चापट बसायची.

मी तांब्या उचलला. आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. पातेलं चुरचुरायला लागलं. पाणी ओतलं तर ती पास, मग तिकीट, मग गाव. आणि तिथे तिच्यामागे तांब्या घेऊन कोण उभं राहणार होतं? मी ओतलं नाही.

करपल्याचा वास सुटला तशी ती लगबगीने आली, गॅस बंद केला, झाकण उचलून आत पाहिलं.

"पाणी राहिलं गं," ती म्हणाली. मग तिची नजर माझ्या हातातल्या तांब्यावर गेली. "तुला दिसलं होतं?"

"हो."

"त्याने सांगितलं होतं ना, बोलू नकोस म्हणून?"

मी मान हलवली.

"वाटलंच मला. माझ्या स्वयंपाकात तू आजवर कधी गप्प राहिलीयस?"

मला तिच्याकडे बघवेना. तिने वरवरचे चांगले वाल दुसऱ्या पातेल्यात काढले, गूळ घातला, आमसुलं टाकली, गॅस पुन्हा पेटवला. झाकण ठेवलं आणि हात पदराला पुसत बाजूला झाली.

"ओत आता," ती म्हणाली.

मी झाकणावर पाणी ओतलं. ते तापेपर्यंत आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

"त्याला सांग, घर भाड्याने दे म्हणावं," आई म्हणाली आणि खोबरं खवायला बसली.