हलवायची राहिलेली भिंत

कार्यालयात तिला सगळे भूतबाई म्हणत आणि तिनेही ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. इमारतींचे नकाशे काढून देणाऱ्या त्या कार्यालयात ती एकतीस वर्षं आरेखक होती. भिंती, दारं, जिने, पाण्याच्या टाक्या जागच्या जागी बसवायच्या, हे तिचं पोटापाण्याचं काम. भुतांच्या गोष्टी लिहिणं हे पहाटेचं. एका मासिकात तिची दर महिन्याला गोष्ट यायची आणि कार्यालयात ती सगळ्यात आधी साहेबच वाचायचे.

"भूतबाई, या मोरीला झरोका ठेवा हं, नाहीतर तुमचं माणूस गुदमरेल," साहेब म्हणायचे.

"आमच्या माणसांना हवा लागत नाही," मान वर न करता ती म्हणायची. "तुमच्या गिऱ्हाइकांना लागते."

ती साडेपाचला उठायची, तोंड धुऊन थेट टेबलाशी. रद्द झालेल्या नकाशांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायची, तेही कडक शिसाच्या पेन्सिलीने. मऊ पेन्सिल हातात धरली की वाक्यं पाघळतात, असं तिचं ठाम मत होतं. आणि लिहायच्या आधी नकाशा. आधी घर, मग भूत. कोणतं दार कुठे उघडतं, जिन्याला किती पायऱ्या, दुपारचं ऊन कोणत्या भिंतीवर किती वाजता येतं, हे सगळं कागदावर उतरल्याशिवाय तिच्या गोष्टीत कोणी मरतसुद्धा नसे. भिंतीतून आरपार जाणारं भूत तिला चालायचं नाही. तो लेखकाचा आळस. तिची भुतं दारातून यायची, दारातून जायची, वाटेत खुर्ची असली तर वळसा घालायची. म्हणूनच बहुधा वाचक घाबरायचे.

घरं मात्र खरी असायची. इतकी वर्षं फूटपट्टी घेऊन दुसऱ्यांच्या घरांतून फिरल्यावर मनाने नवं घर रचायची गरजच काय? फक्त एकदा एका घरमालकिणीने स्वतःचा जिना गोष्टीत ओळखला होता आणि "माझ्या जिन्यावर मेलेला म्हातारा बसवलात, आता भाडेकरू कुठून आणू?" म्हणून कार्यालयात येऊन तिचे वाभाडे काढले होते. तेव्हापासून भूतबाईंचा नेम झाला होता: नकाशा पुरा झाला की एक भिंत हलवायची. दोन फूट इकडे नाहीतर तिकडे. घर तेच राहतं, पण कोणाचंच राहत नाही.

नऊ महिन्यांपूर्वी तिची ताई गेली. दुपारी, दवाखान्यात. खोलीतून बाहेर काढताना स्ट्रेचर दारात अडकलं. दोन माणसं ते तिरकं करत होती, भावोजी भिंतीला टेकून उभे होते, भाची त्यांच्या कुशीत तोंड खुपसून होती आणि भूतबाईंच्या डोक्यात एवढंच आलं की दार साडेतीन फुटांचं हवं होतं. तिथून पुढे दुसरं काही आलंच नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, रडेल एकदा. सगळे थांबले, आणि मग थांबायचंही विसरून गेले. चौथ्या दिवशी ती कामावर हजर होती. जेवण जात होतं, झोप लागत होती. दात काढायला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं काहीतरी. फक्त ते उतरत नव्हतं. दर रविवारी ती ताईच्या घरी जाऊन काय हवं-नको ते बघून यायची. करायचं म्हणून करायची.

गोष्टही तशीच लिहिली. महिना भरत आला होता, संपादकांचा निरोप आला होता, तिने कागद ओढला. एक बाई मेल्यानंतर रोज दुपारी चार वाजता आपल्या स्वयंपाकघरात येते. घरात कोणी नसतं. ती ओटा पुसते, नळ घट्ट पिळते, फळीवरच्या कपांचे कान एका बाजूला वळवून ठेवते. कोणाला शोधत नाही, कोणावर रागावत नाही. जाते. बस, एवढंच. लिहिताना भूतबाईंना काही वाटलं नाही. पुढच्या गोष्टीत जरा जीव ओतू, असं ठरवून तिने ती पाठवून दिली.

संपादकांचा फोन आला तो उड्या मारतच. "अहो बाई, वीस पत्रं आलीत! कोणीही घाबरलेलं नाही, सगळे रडलेत. कसं जमलं हे?"

"कोण जाणे," भूतबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं.

त्यानंतर आठवड्याभराने भावोजी कार्यालयात आले. ते बसगाड्यांच्या आगारात वेळापत्रकं लावायचे आणि उभ्या आयुष्यात कधी कामाच्या वेळेत कुठे गेले नव्हते. तिच्या टेबलासमोर बसून ते आधी नुसतेच घाम पुसत राहिले.

"हे काय लिहिलंस तू?" शेवटी त्यांनी पिशवीतून मासिक काढलं. "सिंकच्या डाव्या हाताला खांब. त्याच्यामागे फडताळ. पश्चिमेची खिडकी, तिची खालची काच जाळीची. अगं, आमचंच स्वयंपाकघर आहे हे! मी वाचलं नसतं, पण पोरीने वाचलं."

भूतबाईंनी मासिक हातात घेतलं. वाचायची गरज नव्हती. नकाशा डोळ्यांसमोर होता, आणि त्यात एकही भिंत हललेली नव्हती. नेम केल्यापासून पहिल्यांदाच ती विसरली होती, आणि विसरली हेही तिला आत्ता कळत होतं.

"घाबरलीय ती," भावोजी म्हणाले. "आठ दिवस झाले, कामावर गेली नाही. दुपार झाली की स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून बसते. आत जात नाही, उठत नाही. विचारलं तर म्हणते, काही नाही बाबा. लॅबवाल्यांनी निरोप पाठवलाय, सोमवारी आली नाही तर दुसरी मुलगी ठेवू. दोन वर्षं शिकून मिळवलेली नोकरी गं ती. तू ये. तूच सांग तिला, हे सगळं खोटं आहे म्हणून. तुझंच ऐकेल."

"आज शुक्रवार," ती म्हणाली. "आजच येते."

साहेबांना सांगून ती साडेतीनला ताईच्या घरी पोचली. निघताना सवयीने त्या गोष्टीचा नकाशा पिशवीत टाकला होता. भाचीने दार उघडलं आणि परत आपल्या स्टुलावर जाऊन बसली. घरात तिला चिंगी म्हणत. आता सव्वीस वर्षांची होती, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायची, तरी चिंगीच. केस विंचरलेले नव्हते. अंगात वडिलांचा जुना शर्ट होता.

"बाबांनी पाठवलं ना?"

"हो. तू घाबरलीयस म्हणाले."

"मी?" चिंगी हसली, पण हसू ओठांच्या वर गेलं नाही. "मावशी, मी दिवसभर दोनशे दातांबरोबर एकटी बसते. मी कशाला घाबरू?"

तेव्हा भूतबाईंचं लक्ष ओट्याकडे गेलं. सहा कप मांडून ठेवले होते. एकाचा कान खिडकीकडे, एकाचा भिंतीकडे, एकाचा दाराकडे. सहा कपांचे कान सहा दिशांना, अगदी मुद्दाम ठेवल्यासारखे. नळ थोडा सैल होता, ठिबकत होता. ओट्यावर पावाचा चुरा पसरलेला.

मग तिला कळलं. पोर घाबरलेली नव्हती. पोर वाट बघत होती.

"काल नाही आली," चिंगी म्हणाली, जणू कोणा कामाच्या बाईविषयी बोलत होती. "परवाही नाही. मी आधी आत बसायचे, मग वाटलं माणूस असलं तर येत नसेल, म्हणून दाराशी बसते. तू कुठे बसून बघितलंस गं? मी चुकीच्या जागी बसते का?"

भावोजींनी सांगितलेलं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. हे सगळं खोटं आहे. एवढंच म्हणायचं होतं. ते घाबरलेल्या मुलीला देण्यासारखं होतं. या मुलीला देणं म्हणजे तिची आई दुसऱ्यांदा दारातून बाहेर काढणं. आणि न द्यावं, तर ही अशीच बसून राहणार. सोमवारीही.

भूतबाईंनी पिशवीतून नकाशा काढला आणि जमिनीवर पसरला. दुसरं काही तिला येतच नव्हतं.

"मी बघितलं नाही," ती म्हणाली. "मी इथे नव्हतेच. सकाळी सहा वाजता माझ्या टेबलाशी बसून लिहिलंय. हे बघ. चार वाजता का, तर पश्चिमेची खिडकी आहे, चारला ऊन ओट्यावर येतं आणि ओटा पुसलेला दिसतो. तीनला आली असती तर कोणाला काही दिसलंच नसतं."

चिंगी स्टुलावरून उतरून कागदापाशी बसली. "आणि येते कुठून?"

"पुढच्या दारातून. मागच्या दाराला कडी आहे. पुढचं दार ते इथे, अकरा पावलं."

"आईची पावलं लहान होती. आई पंधरा पावलांत यायची."

भूतबाई थबकली. "मी माझ्या पावलांनी मोजलं असेल."

"आणि नळ?"

"नळ ताई…" तिने आठवून पाहिलं. आठवेना.

"आईला नळ घट्ट पिळता यायचा नाही. मनगट दुखायचं तिचं. मीच बंद करायचे." चिंगीचा आवाज चढत चालला होता. "आणि कप आई उपडे ठेवायची, मावशी. उपड्या कपांचे कान बघत कोण बसलंय! मला पहिल्या दिवशीच खटकलं होतं. वाटलं, मेल्यावर सवयी बदलत असतील."

"माझ्याकडे कप तसे असतात," भूतबाई म्हणाली. "एका बाजूला कान करून."

चिंगी नकाशाकडे बघत होती, मग मावशीकडे.

"दर रविवारी तू येतेस," ती सावकाश म्हणाली. "पुढच्या दाराने. ओटा पुसतेस. नळ पिळतेस, इतका की सोमवारी बाबांना पक्कड घ्यावी लागते. माझे सगळे कप सरळ करून ठेवतेस. आमच्याशी एक शब्द बोलत नाहीस. आणि जातेस." ती थांबली. "ही आई नाहीच आहे. ही तू आहेस."

भूतबाईंनी कागदावर बोट ठेवलं, दारापासून ओट्यापर्यंत नेलं, परत दारापर्यंत आणलं. अकरा पावलं. नकाशा बरोबर होता. छातीत कुठे काही हललं का, म्हणून तिने आत डोकावून पाहिलं. तसं काही सांगता येण्यासारखं नव्हतं.

चिंगीच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहायला लागलं होतं. शर्टाच्या बाहीने ती ते पुसत होती आणि मधूनच हसतही होती. "आठ दिवस! आठ दिवस मी मेली तुझी वाट बघत बसले होते. रविवारी तू आलीस तेव्हा मी उठून बाहेर गेले, म्हटलं हिच्यामुळे आई यायची नाही."

"मला वाटलं, दूध आणायला गेलीस."

"दूध!" चिंगी उठली. भराभर तोंड धुतलं, ओल्या हातांनी केस मागे सारले. मग फडताळातून पातेलं काढून तिने चहा टाकला. "बस तू. नाही, तिथे नाही, उठायला सोपं असं दाराजवळ नको. आत बस, भिंतीशी."

भूतबाई आत, भिंतीशी बसली. ऊन ओट्यावर आलं होतं. पावाचा चुरा त्यात लख्ख दिसत होता आणि तिचे हात मांडीवर होते. चहा समोर आला. तिने घोट घेतला. साखर आहे की नाही ते तिला कळलं नाही.

"छान झालाय," ती म्हणाली.

"साखर घालायची विसरले," चिंगी म्हणाली आणि फोन उचलून खिडकीशी गेली. पलीकडे लॅबची मुख्य बाई असावी, कारण चिंगीचा आवाज एकदम सरळ झाला. "हो, मीच बोलतेय. उद्या येते, वेळेवर. नाही मॅडम, आजारी नव्हते. घरी कोणीतरी यायचं होतं." ती ऐकत राहिली. "हो. आलंय."

चहा संपला तशी भूतबाई कप विसळायला उठू लागली.

"बस," फोनवर हात ठेवून चिंगी म्हणाली.

ती बसली.