सातव्या महिन्यात सांगितलेली गोष्ट

बहिणीला सातवा महिना लागल्याचं मला पोळ्याच्या आदल्या दिवशी कळलं. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी मी तिला, मेहुण्यांना आणि तिच्या सासूला घेऊन झरी जामणीहून यवतमाळच्या दवाखान्यात गेलो.

त्यांची पहिली मुलगी चौथ्या वर्षी सिकलसेलनं गेली होती. बहीण आणि मेहुणे दोघेही वाहक. दोघांकडचा दोष बाळात एकत्र आला तर अहवालात एसएस येतं, आणि मुलीला होता तोच आजार बाळाला होतो.

डॉक्टरबाईंनी केसपेपर वाचला. "इतके दिवस काय करत होतात? तिसऱ्या महिन्यात आला असतात तर गर्भाची तपासणी झाली असती."

"पाच महिने झाल्याबिगर आमच्यात नाही सांगत बाई कोणाले," सासू म्हणाली. "पहिल्या टायमाले सांगतलं, तं नजर लागली."

"मग पाचवा संपल्यावर?"

"मंग कपाशीची डवरणी लागली. वावरात बैलामागं माणूस लागे."

मेहुणे म्हणाले, "गावात तं मायनं सांगतलं, सून बसून खाऊन फुगली."

"बसून खाल्लं म्हणे!" बहीण म्हणाली. "डवऱ्यामागं कोण होतं मंग?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. केसपेपरच्या मागे त्यांनी एक नळी काढली आणि तिच्या तळाशी चार-पाच ठिपके दिले. ही गर्भाची मोठी रक्तवाहिनी, त्या म्हणाल्या. गर्भ पाचव्या आठवड्यात असताना तिच्या आतल्या अस्तरातल्या काही पेशी फुगून गोल होतात, अस्तरापासून सुटतात आणि वाहत्या रक्तात पडतात. जन्मभराचं रक्त पुढे त्यांच्यापासूनच बनतं. आईबापांकडून आलेला दोष असेल तर तो त्या पेशींत आधीपासूनच असतो.

"तव्हा तं मलेच मालूम नव्हतं," बहीण म्हणाली.

मेहुण्यांनी तो कागद आपल्याकडे ओढला. "मंग आता बदलत नाही ते?"

"नाही. तपासून गर्भ ठेवायचा की नाही ते ठरवायची मुदतही गेली. जन्मल्यावर टाचेतलं रक्त घेऊ."

कापूस वेचणीच्या दिवसांत मुलगा झाला. वजन अडीच किलो. दुसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेतलं. अहवाल येईपर्यंत सासूनं बारसं थांबवलं.

अहवाल मी आणला. बहिणीनं उंबऱ्यातच विचारलं, "काय लिवलं हाय?"

एसएस लिहिलं होतं.