चार मिनिटांत पिकलेलं भात

अकरा वर्षं मी हिंजवडीत दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम केलं. सॉफ्टवेअर टेस्टर. स्क्रीनवरचं एखादं बटण केसभर डावीकडं सरकलं तरी मला दिसायचं, आणि ज्यानं ते सरकवलं त्याला मी ते अतिशय नम्र भाषेत, चार वरिष्ठांना प्रत पाठवून, कळवायचो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की या माणसाला डोळे नव्हते. डोळे होते. ते स्वतःच्या तोंडावर लागलेले होते.

नोकरी करता करता मी दोन छोटे विनोदी सिनेमे केले. पहिला आमच्या भुकूमच्या सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणांवर. तो मी सोसायटीच्याच क्लबहाउसमध्ये, ज्यांच्यावर केला होता त्यांनाच दाखवला. पुढं दोन महिने माझ्या गाडीच्या मागं रोज कुणीतरी गाडी लावून गावाला जायचं. दुसऱ्या सिनेमात पोलीस मी होतो आणि चोर एक मित्र होता. मित्राची बंगळुरूला बदली झाली, म्हणून चोरही मीच झालो. शेवटच्या पाठलागात मी माझ्याच मागं पळतो. कोण सापडलं आणि कोण सुटलं हे प्रेक्षकांना कळलं नाही. खरं सांगायचं तर एडिटिंग करताना मलाही नीटसं कळलं नव्हतं.

तरीही तिसरा, पूर्ण लांबीचा सिनेमा करायचा म्हणून मी नोकरी सोडायची गोष्ट काढली. बायको हिंजवडीतच दुसऱ्या कंपनीत आहे. तिनं लॅपटॉप मिटला, म्हणजे विषय गंभीर होता.

"एक वर्ष घे," ती म्हणाली. "पण अट आहे. माणसं हसली पाहिजेत. आणि अनोळखी."

"ओळखीची का नकोत?"

"तुझा मावसभाऊ आपल्या साखरपुड्यातल्या तुझ्या कवितेलाही हसला होता. ती गंभीर होती."

अनोळखी माणसं हसली नाहीत तर मार्चमध्ये गुपचूप परत कामावर जायचं, असं ठरलं. मॅनेजर भला माणूस, त्यानं मार्चपर्यंत माझी जागा धरून ठेवायचं कबूल केलं. त्याच्या आवाजातली खात्री मला तेव्हा आवडली नव्हती.

सिनेमाची गोष्ट साधी होती. आयटीतला एक शहाणा मुळशीत भातखाचराच्या शेजारी प्लॉट घेतो आणि हातभर बांधावरून शेजारच्या शेतकऱ्याशी भांडण उकरतो. शहाणा मी. दुसरा कुणी नट मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला विचारलंच नव्हतं.

शेतकरी मला बांधावरच सापडला. पौडच्या पुढं एक जागा बघायला गेलो होतो आणि कॅमेऱ्यात चौकट कशी दिसेल ते बघत मागं मागं सरकत होतो. तेवढ्यात आवाज आला.

"ओ पाव्हनं, उतरा खाली! कालच माती वढलीय बांधाला. नाचताय काय त्याच्यावर?"

पन्नाशीचा माणूस, अंगावर पिरंगुटच्या कारखान्याचा निळा शर्ट, हातात फावडं. ओरडण्यात काय वजन होतं! मी तिथंच त्याला काम देऊ केलं. त्यानं फावडं टेकवून माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"पाठांतर जमायचं न्हाई. काय म्हनायचं त्ये तुमी सांगा, मी माझ्या तोंडानं म्हनतो. आन शिफ्ट सांभाळून."

तेव्हापासून ते माझे दादा झाले आणि मी त्यांचा 'डायरेक्टर'. हा शब्द ते असा उच्चारायचे, की त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत वेगळं काढता आलं नाही.

सिनेमाचा कणा म्हणजे बांधावरचं चार मिनिटांचं भांडण. तोडीस तोड, एका दमात, तो एक बोलतो, हा दोन ऐकवतो. कॅमेरावाला मित्र नोकरदार, त्यामुळं शूटिंग रविवारीच. त्यात दादांची शिफ्ट जुळायला हवी, पाऊस थांबायला हवा. म्हणून प्रसंग तीन बैठकांत उरकायचं ठरवलं. पहिल्या रविवारी काय घ्यायचं? दिग्दर्शक म्हणून मी शांतपणे विचार केला आणि ठरवलं, माझे क्लोजअप. सगळे. दादा बिचारे कॅमेऱ्याशेजारी छत्री धरून उभे आणि मी त्यांच्या छत्रीशी भांडतोय. डावी भुवई वर नेऊन थांबायचं, मग उजवी. आरशासमोर महिनाभर घोटलेलं काम होतं ते. मागं नुकतंच लावलेलं भात, वीतभर, पाण्यात उभं. मला ते हिरवं दिसलं आणि बरं वाटलं.

दादांचे क्लोजअप घ्यायला दिवस मिळाला तो थेट गणपती होऊन गेल्यावर. पुन्हा मागं हिरवं. पुन्हा बरं वाटलं. दोघं एकत्र दिसतो तो लांबचा शॉट राहिला होता. तो दिवाळीनंतर घेतला. त्या दिवशी मागची जागा मोकळी मोकळी, सोनेरी दिसत होती. मी मित्राला म्हणालो, "आज फ्रेम किती स्वच्छ आहे बघ!"

दादांनी त्या वेळी तोंड उघडलं होतं. मी त्यांना "सायलेन्स" म्हणालो.

एडिटिंग मीच केलं. डिसेंबर संपता संपता घरी आठ मित्रांना बोलावून सिनेमा दाखवला. सगळे आयटीतले, कुणी नागपूरचे, कुणी नांदेडचे, मी मूळचा लातूरचा; भात आम्ही ताटातच बघितलेला. भांडण आलं, गेलं. कुणी हसलं नाही. एकानं रंगसंगतीचं मात्र फार कौतुक केलं. "दर शॉटला हिरव्याची छटा बदलते यार, कॅरेक्टरच्या मूडप्रमाणं. भारी विचार केलायस." मी मान खाली घालून हसलो, जसं न केलेल्या विचाराचं कौतुक झाल्यावर हसतात. बायको एवढंच म्हणाली, "भुवयांना जरा दम खाऊ दे."

मग मी लॅपटॉप घेऊन दादांकडं गेलो. ते पहिल्या शिफ्टहून आले होते, वहिनींनी चहा ठेवला होता. भांडण सुरू झालं आणि दहाव्या सेकंदाला दादांनी बशी खाली ठेवली. विसाव्या सेकंदाला त्यांनी वहिनींना हाक मारली. मग दोघं अशी हसायला लागली, की वहिनी पदरानं डोळे पुसत ओट्याला टेकल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! अनोळखी म्हणता येणार नाहीत, पण सुरुवात तर झाली.

"भुवई आवडली ना?" मी विचारलं.

"कसली भुवई? आवो, भात बघा की तुमचं! तुमी बोलताय तवा वीतभर. मी बोलतोय तवा कमरंएवढं. पुन्ना तुमी, पुन्ना वीतभर! पोरं झोक्यावर बसल्यागत वर-खाली व्हतंय!"

"आन शेवटाला तर कापून नेलंय," वहिनी म्हणाल्या. "नुसती धसकटं."

मी बघितलं. पन्नास वेळा बघितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. माझ्या प्रत्येक वाक्याला भात जमिनीत जात होतं आणि दादांच्या प्रत्येक वाक्याला उगवून वर येत होतं. बटण केसभर सरकलं तर मेल पाठवणारा मी. माझ्या नाकामागं अख्खं पीक आलं, पिकलं, गेलं, आणि मला दिसलं नाही.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलाय गेलो तर तुमी गप केलं. आन मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल. यवढे शिकलेले."

"आता काय करायचं? परत शूट..."

"पुढल्या लावनीला या. तवर भात कुटनं आनू?"

पुढची लावणी जुलैत. मार्च दोन महिन्यांवर. मी घरी आलो आणि चार दिवस कंप्युटरवर माझ्या मागचं भात वाढवत बसलो. त्यानं ते भात राहिलं नाही, लग्नाच्या हॉलबाहेर अंथरतात तसल्या प्लास्टिकच्या हिरवळीत मी उभा राहून भांडतोय असं दिसायला लागलं. पाचव्या दिवशी पुन्हा दादांकडं गेलो आणि म्हणालो, प्रसंगच काढून टाकतो. तो काढला की सिनेमात उरत काय होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दादा अंगणात पोती शिवत होते. त्यांनी सुई थांबवली. "एक इचारू का, डायरेक्टर? चार मिंटांत बांधाचं भांडान मिटतंय ह्ये तुमाला सांगितलं कुनी? माझं आन चुलत भावाचं तिसरं पीक चाललंय. बोलनं बंद हाय, भांडान चालू हाय."

मी तिथंच अंगणात बसलो. चार मिनिटांचं भांडण चार महिने चालू द्यायचं! शब्द तेच, एका दमात, कुठं खंड नाही. आणि मागं भात वीतभर, मग कमरेएवढं, मग धसकटं. दोघांना पत्ता नाही. मला पत्ता नव्हता, तसाच माझ्या शहाण्यालाही नाही.

फक्त एक अडचण होती. भात सरळ वाढवत न्यायचं तर जुलैतलं सगळं आधी, गणपतीनंतरचं मग. आणि जुलैतलं म्हणजे फक्त माझं तोंड. भांडणाच्या पहिल्या मिनिटानंतर मी पडद्यावर दिसणारच नव्हतो. नुसता आवाज, आणि शेवटी लांबून पाठ. ती डावी भुवई, ती उजवी भुवई, 'हा बांध नाही, ही माझी सीमा आहे' म्हणताना डोळ्यांत आणलेलं पाणी, सगळं जाणार. दोन दिवस मी वेगवेगळ्या वाटा शोधल्या. एक उजवी भुवई तरी राहावी म्हणून मी दादांचं सगळ्यात चांगलं वाक्य कापायला निघालो होतो, तेव्हा बायको मागं येऊन उभी राहिली.

"तू दिसला नाहीस तर नेमकं काय बिघडतं?"

मी भुवई कापली.

फेब्रुवारीत दादांच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात सिनेमा दाखवायचं ठरलं. दिवेलागणीला माणसं जमली. गावातली, वरच्या वाड्यांतली, कामावरून परस्पर आलेली. दीडशेक तरी असतील. दादा आणि वहिनी सोडले तर मला एकही जण ओळखत नव्हता. बायको हाताची घडी घालून खांबाला टेकून उभी. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक उभे राहतात तशी.

पहिली वीस मिनिटं कुणी हसलं नाही. माझ्या सगळ्यात आवडत्या विनोदावर एक गृहस्थ उठून तंबाखू थुंकायला गेले. मी प्रोजेक्टरमागं घामानं भिजलो होतो आणि डोक्यात मॅनेजरला कोणत्या शब्दांत फोन करायचा ते जुळवत होतो.

मग भांडण लागलं. माझं तोंड आलं, शांतता. दादा आले, थोडी खसखस, पण ती ओळखीची. भांडण चालूच. दादांच्या मागं भात कमरेला लागलं, आणि बायकांच्या बाजूनं एक आवाज खणखणला.

"आगं बाई! भात पोटरीला आलं, पोटात लोंबी धरली, आन ह्येंचं आजून चालूच हाय!"

मग मंडप फुटला. लोक एकमेकांच्या पाठीवर मारत होते. कुणीतरी ओरडलं, "आता निसवंल बघा, लोंब्या भाईर!" आणि पडद्यावर दोघं भांडताहेत, आवाज तोच, तार तीच, आणि मागं धसकटं. त्या वेळी जे हसू उठलं त्यात माझं पुढचं वाक्य बुडालं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. दादांचा चुलत भाऊ कोण ते मला नंतर कळलं. तीन ओळी पुढं बसून तो गुडघ्यावर हात मारत हसत होता. दादांकडं त्यानं बघितलं नाही. दादांनीही त्याच्याकडं बघितलं नाही. पण दोघं एकाच वेळी हसत होते, ते मी बघितलं.

सिनेमा संपल्यावर माणसं उठेनात. "त्ये भांडान पुन्ना लावा!" म्हणून गलका झाला. मी ते पुन्हा लावलं आणि जवळून चेहरे बघायला पुढं जाऊन उभा राहिलो. बायको शेजारी आली.

"हसले," ती म्हणाली. "तुला नाही. भाताला."

"दिग्दर्शन माझंच आहे."

"अटीत कुणाला हसायचं ते नव्हतं," तिनं पडद्यावरची नजर न काढता सांगितलं. "सोमवारी त्या मॅनेजरला कळवून टाक. येत नाही म्हणून."

मला काहीतरी मोठं, सुंदर बोलायचं होतं. मी छाती भरून घेतली. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला. एक मावशी होत्या. दोन तास त्यांनी मला पडद्यावर बघितलं होतं, पण ओळखीची खूण काही चेहऱ्यावर नव्हती.

"ओ, जरा बाजूला व्हा की," त्या म्हणाल्या. "भात दिसत न्हाई."

मी बाजूला झालो.