कुंपणाचं भोक दाखवणारा माणूस

शिलाई मशीन बिघडलं की अख्ख्या बाजारपेठेतले शिंपी मिस्त्रींकडे येतात. मिस्त्री आधी मशीनला हातसुद्धा लावत नाहीत. शिंप्यालाच म्हणतात, "चालवा बघू." डोळे मिटून आवाज ऐकतात आणि मग कागदावर चित्र काढून दाखवतात. हा भाग, इथं झिजलाय, इतका. मापासकट! "बिघडलंय एवढं सांगायला माझी काय गरज? कुठं आणि किती, हे सांगता आलं पाहिजे." तीस वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला मोघम उत्तर दिलं नाही. आणि या गुणापायीच त्यांच्यावर जी वेळ आली, ती ऐकलीत तर तुमच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल.

मिस्त्रींना नाद म्हणावा तर एकच. विमानं बघण्याचा. बुधवारी दुकान बंद असतं. जेवण झालं की सायकल काढायची आणि विमानतळामागच्या रस्त्यावर जायचं. रस्ता सरकारी, रहदारीचा, कुणालाही मोकळा. कडेला कोणे एके काळी आणून टाकलेले सिमेंटचे पाइप आहेत, त्यावर बैठक मारायची. सोबतीला एक निवृत्त बस कंडक्टर. दोघांकडे वह्या. विमान उतरलं की त्याच्या शेपटीजवळचा नंबर लिहायचा, वेळ लिहायची, वारा कुठून होता ते लिहायचं. एखादा कधी न पाहिलेला नंबर दिसला की दोघं म्हातारे उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवायचे. सतरा वर्षांत मिस्त्रींनी अशा अकरा वह्या भरल्या.

"काय मिळतं हो त्यातून?" बायको विचारायची.

"काही नाही."

"मग बरं आहे. लोकांचे नवरे या वयात बाहेर काय काय बघत फिरतात. आमचं आपलं विमानावर भागतंय!"

त्यांची एकुलती एक मुलगी त्याच विमानतळावर कामाला. काउंटरवर उभी राहून प्रवाशांच्या बॅगा वजन करायच्या, तिकिटं बघायची, वर लोकांचा आरडाओरडा हसतमुखानं ऐकायचा. आत जायला तिच्या गळ्यात पास असतो. दर दोन वर्षांनी तो नवा करून घ्यावा लागतो आणि त्या वेळी घरच्यांचीही चौकशी होते. पास नाही तर नोकरी नाही, सरळ हिशेब. यंदाचा अर्ज याच महिन्यात भरायचा होता.

तर झालं असं. एका बुधवारी मिस्त्रींना दिसलं की कुंपणाच्या एकेचाळीस आणि बेचाळीस नंबरच्या खांबांमध्ये तारेची जाळी खालून उचकटली आहे. तिथून एक कुत्री सुखानं आत-बाहेर करत होती. आत गवतात तिनं पिल्लं घातली होती. माणसांनी भरलेलं विमान जमिनीला टेकत असताना चाकाखाली कुत्रं आलं तर काय होईल, हे सांगायला पायलट लागत नाही.

त्यांनी चौकीतल्या गार्डला सांगितलं. "बघतो काका, वर कळवतो," म्हणून त्यानं मोबाइलमध्ये परत तोंड खुपसलं. पुढच्या बुधवारी भोक तिथंच, कुत्री तिथंच. मिस्त्रींनी विमानतळाला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, हा नंबर हरवलेल्या सामानासाठी आहे. तिसऱ्या बुधवारी पुन्हा गार्ड, पुन्हा "बघतो काका".

"जाऊ द्या हो मिस्त्री," कंडक्टर म्हणाला. "घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या कशाला भाजता?"

"अहो, आत माझी पोरगी काम करते. आणि विमानात बसलेलीही कुणाची तरी पोरंच आहेत ना?"

चौथ्या बुधवारी मिस्त्री उठले, कुंपणापाशी गेले आणि खिशातली टेप काढून त्यांनी भोक मोजलं. टेप खिशात असतेच, धंदाच तसला. घरी येऊन विमानतळाच्या सुरक्षेच्या साहेबांच्या नावानं पत्र लिहिलं. सोबत चित्र जोडलं. खांब एकेचाळीस, खांब बेचाळीस, भोक दोन फूट रुंद, पंधरा इंच उंच. कुत्री कोणत्या तारखेला किती वाजता आत गेली, किती वाजता बाहेर आली, सगळं. दुपारी दोन ते पावणेतीन चौकीत गार्ड नसतो, त्यामुळे कुत्रीला हाकलायला कुणी नसतं, हेही. खाली सही, पूर्ण नाव, घरचा पत्ता, फोन नंबर. पत्र रजिस्टरनं पाठवलं आणि पावती जपून ठेवली. आता मला सांगा, ज्याच्या मनात काळंबेरं आहे तो माणूस खाली आपला पत्ता लिहील का?

पाचव्या बुधवारी जीप आली. वाटलं, भोक बघायला आले. दोघं उतरले आणि सरळ मिस्त्रींकडे आले. त्यातला एक, वयानं त्यांच्या मुलीएवढा, म्हणाला, "चल, साहेबांनी बोलावलंय." चल! बाप-आजोबांना घरात असंच बोलतो का हा? हातातली वही हिसकावली, मोबाइल काढून घेतला. कंडक्टर म्हणाला, "अहो, हे कुणाच्या अध्यात ना मध्यात," तर त्याला विचारलं, "तुम्हालाही यायचंय का?" कंडक्टर परत पाइपावर बसला. त्याला तरी कसा दोष द्यायचा! आणि त्याच वेळी दहा पावलांवर कॉलेजच्या चार पोरी विमान पाठीमागे घेऊन फोटो काढत होत्या. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि पाहूही नये. पण मग पेन्सिल घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यानंच कुणाचं घोडं मारलं होतं?

साहेबांच्या खोलीत हुडहुडी भरेल इतका गारवा होता. भिंतीवर विमानतळाचं कॅलेंडर, त्यावर वरून काढलेला सगळ्या विमानतळाचा फोटो, इमारतींसकट, रस्त्यांसकट. हेच कॅलेंडर मिस्त्रींच्या दुकानाशेजारच्या सलूनमध्येही लटकलेलं आहे. टेबलावर मिस्त्रींचं पत्र उघडून ठेवलेलं होतं.

"हे चित्र तुम्ही काढलंत?"

"हो साहेब. वाचलंत, बरं झालं. त्या कुत्रीचं..."

"माप कसं घेतलंत?"

"टेपनं."

"म्हणजे कुंपणाला हात लावलात."

"हात न लावता माप कसं घेणार?"

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "गार्ड जागेवर कधी नसतो याची नोंद ठेवलीय तुम्ही."

"नसतो म्हणून ठेवली. असता तर काय लिहिणार होतो?"

"चार आठवडे पाळत ठेवलीत."

"चार आठवडे सांगतोय साहेब! पहिल्याच दिवशी कुणी ऐकलं असतं तर दुसरा आठवडा उजाडलाच नसता."

"आणि वहीत विमानांचे नंबर, वेळा, ते कशासाठी?"

"वेळा तर तुमच्याच बोर्डावर लिहिलेल्या असतात. नंबर विमानावर हातभर अक्षरांत रंगवलेला असतो. लपवायचा होता तर रंगवला कशाला?"

"पण तुम्हाला त्यातून मिळतं काय?"

"काही नाही. बघायला आवडतं."

हे मात्र साहेबांच्या गळी उतरेना. ज्यातून दमडी सुटत नाही, असं काम माणूस सतरा वर्षं करतो, म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय! घातपाताचा कट त्यांना पटत होता, पण आवड पटत नव्हती. साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि खरोखर बीळ दाखवणारा माणूस समोर आला तर त्यालाच धोपटायचं, असा सगळा कारभार.

तीन तास बसवून ठेवलं. पाणी नाही, घरी फोन नाही. शेवटी मिस्त्रींनी विचारलं, "मला अटक केलीय का?"

"नाही."

"मग मी जाऊ का?"

"नाही."

याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. चोराला निदान आपण काय चोरलंय ते ठाऊक असतं.

मग एक टाइप केलेला कागद पुढे आला. 'मी कुंपणाजवळ संशयास्पदरीत्या वावरताना आढळलो. माझी चूक मला मान्य आहे. यापुढे या परिसरात थांबणार नाही, कोणतेही निरीक्षण करणार नाही.' मिस्त्रींनी पहिली ओळ वाचली आणि कागद परत सरकवला. "मी सही करणार नाही. मी संशयास्पद नव्हतो. तुमचं भोक संशयास्पद होतं."

साहेब रागावले नाहीत. खुर्चीत रेलून बसले आणि अगदी घरच्यासारखं बोलले. "तुमची मुलगी आमच्याकडे काउंटरवर आहे ना? पासचा अर्ज याच महिन्यात यायचाय तिचा. तुम्ही सही केलीत तर विषय इथंच संपला. नाही तर मला फाइल वर पाठवावी लागेल. वरची माणसं काय करतील, ते माझ्या हातात नाही."

मिस्त्रींना वाटलं, टेबल उलथवून टाकावं. पण डोळ्यांपुढे पोरगी आली. सकाळी पाचला उठून गणवेशाला इस्त्री करणारी, पहिल्या पगारात आईला शेगडी आणि बापाला दुर्बीण घेणारी. त्यांनी पेन उचललं आणि उरलेल्या ओळी न वाचता सही केली. आपल्या हातून आपल्याच तोंडाला काळं फासल्यासारखं वाटलं त्यांना.

वही परत मिळाली नाही. जप्त झाली म्हणे. जीपनं रस्त्यावर आणून सोडलं तर काय बघतात, एकेचाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये दोन कामगार नवी जाळी ठोकतायत! एकाच्या हातात मिस्त्रींच्या चित्राची झेरॉक्स. "दोन फूट, पंधरा इंच. बरोबर आहे," तो दुसऱ्याला म्हणाला. म्हणजे माप खरं, चित्र खरं, भोक खरं, आणि ते दाखवणारा तेवढा संशयित! मिस्त्री सायकलवर बसलेसुद्धा नाहीत. हातात धरून चालत घरी आले.

बायकोनं सगळं ऐकलं आणि तिचा पारा चढला. "चोर सोडून संन्याशाला फाशी! मुडदा बशिवला त्या साहेबाचा! भोक बुजवायला महिना लागला आणि माणूस उचलायला जीप लगेच मिळाली?" मग जरा शांत होऊन म्हणाली, "पण सही केलीत ते बरं केलंत. पोरीचा पास तर वाचला."

संध्याकाळी मुलगी आली. गळ्यातला पास काढायच्या आधीच तिनं सगळं ऐकलं.

"सही कशावर केलीत बाबा? त्याची प्रत दिली?"

"नाही गं. पण साहेब म्हणाले, विषय संपला."

पर्समधून तिनं पासचा अर्ज काढला आणि नववा रकाना त्यांच्यापुढे धरला. 'कुटुंबातील कोणाही व्यक्तीने सुरक्षेच्या कारणावरून चूक कबूल करून हमीपत्र दिले आहे काय? असल्यास तपशील.'

"सही करेपर्यंत त्यांच्याकडे तुमच्याविरुद्ध काय होतं बाबा? एक पत्र. ते वर गेलं असतं तर वरच्यांनी त्यांनाच विचारलं असतं, महिनाभर तुम्ही काय करत होतात म्हणून. पाठवायची छाती झाली नसती त्यांची. असल्या कागदात चुकीची कबुली आणि हमी लिहिलेलीच असते. आता ती तुमच्या सहीनिशी त्यांच्या हातात आहे."

"मी तुझ्यासाठी केली गं सही."

"माहीत आहे बाबा. त्यांनाही माहीत होतं."

आई म्हणाली, "तू आपलं 'नाही' लिहून टाक. कोण बघायला येतंय?"

"त्यांच्याच कपाटात कागद आहे आई. 'नाही' लिहिलं तर मी खोटारडी ठरेन, आणि मग कुठल्याच विमानतळावर उभी राहू शकणार नाही. 'होय' लिहिलं तर कदाचित हीच नोकरी जाईल." तिनं पेनाचं टोपण काढलं. "बाबा, रजिस्टरची पावती आहे ना? द्या. ती जोडते."

मिस्त्री पावती घेऊन आले तेव्हा तिचं लिहून झालं होतं. चष्मा लावून, कागद दिव्याजवळ धरून त्यांनी वाचलं.

'होय. कुंपणाला भोक आहे, असे वडिलांनी चार आठवडे सांगितले. भोक बुजवले आणि वडिलांना पकडले.'