मीटरची चकती आणि पानसे साहेबांची पेटी

विजेच्या ऑफिसात मीटर रीडर म्हणून चिकटलो तेव्हा वाटलं होतं, आकडे वाचायचे, वहीत उतरवायचे आणि घरी जायचं. त्यात कसले आलेत किस्से! पण माणूस महिन्यातून एकदा, न बोलावता, लोकांच्या पार माजघरापर्यंत शिरू लागला की काय काय बघावं लागतं म्हणून सांगू! लोक म्हणतात, विजेच्या खात्यात शॉक तारेचा लागतो. खोटं आहे. तारेचा मला नोकरीत एकदाच लागला. बाकी सगळे माणसांनी दिले.

मालवणात तेव्हा वीज नवी होती. पॉवर हाऊसचं डिझेल इंजिन संध्याकाळी धडधडू लागलं की दिवे लागायचे. दिवसभराची वीज पुढे बऱ्याच वर्षांनी आली. ऑफिसात आम्ही तिघं. घाटावरून बदलून आलेले पानसे साहेब, मी परब, आणि लाइनमन भिकू. "तुमचा मीटर पळता!" अशी तक्रार कोणी घेऊन आला की साहेब एक लाकडी पेटी काढायचे. तिच्यात चाचणीचं मीटर बसवलेलं होतं. घरातली एकेक वस्तू त्या पेटीला जोडायची आणि आतली चकती मिनिटाला किती फेरे घेते ते मोजायचं. चकतीवर एक काळी खूण असे. साहेब स्टॉपवॉच धरायचे, मी फेरे मोजायचो, भिकू वायरी जोडायचा.

* * *

पहिला धक्का दांडी नावाच्या किनाऱ्यावरच्या वाडीत बसला. तिथल्या एका म्हाताऱ्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या मुख्य खलाशाच्या, घरी मीटर बसवलं. महिन्याने आकडा घ्यायला गेलो तर काचच दिसेना! गुलाल, जास्वंदीची फुलं, खाली फोडलेला नारळ. मी म्हटलं, "आजोबा, ही फुलं काढा, मला आकडा बघायचाय."

"वायच थांब," म्हातारा म्हणाला. "आधी गाऱ्हाणा घालतंय."

आणि घरची आठ-दहा माणसं हात जोडून उभी राहिली. म्हाताऱ्याने खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा मीटर म्हाराजा! ह्या घरात तुझी थापना झालेली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तुका फिरूचाच असात तर फिर, पण सावकाश फिर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हो जो वही घेवन इलेलो आसा, तेच्या नजरेक आकडो कमी दिसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचा 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं असेल? मीच! लहानपणापासूनची सवय हो. गाऱ्हाणं ऐकलं की तोंड आपोआप उघडतं!

* * *

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. गावातल्या भरड भागात एक निवृत्त बोटीवाले राहायचे, तात्या. उमर बोटीवर काढलेली, मुंबईहून मोठा रेडिओ घेऊन आलेले. रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर फाडफाड पोर्तुगीज ऐकू यायचं. बातम्या पोर्तुगीज, गाणी पोर्तुगीज. आम्हाला वाटायचं, तात्या बोटीवर ही भाषा शिकले असतील. जाणारे-येणारे आदराने थांबून बघायचे.

एकदा त्यांनीच साहेबांना बोलावलं. "रेडिओ किती खाता ता माका मोजून दिया."

पेटी जोडली. मी फेरे मोजले. साहेबांनी सहज काटा फिरवून मुंबई लावली. तात्या एकदम ओरडले, "नको, नको! मुंबय लांब आसा!"

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"म्हणजे काय? थयसून आवाज ओढूक करंट जास्ती नाय लागणा? गोवा जवळ, म्हणान मी गोवाच लावतंय."

साहेबांनी मुंबई तशीच ठेवली, मग दिल्ली लावली, मग परत गोवा. मी तिन्ही वेळा मोजलं. फेरे तेवढेच! एकाचाही फरक नाही. साहेबांनी समजावलं, "तात्या, आवाज हवेतून फुकट येतो. वीज लागते ती फक्त या डब्याला."

तात्या खुर्चीत बसले ते उठेचनात. हात लांब करून त्यांनी रेडिओ बंद केला.

"सहा म्हयने... सहा म्हयने मी ह्या काय तरी ऐकतंय. एक अक्षर कळूक नाय रे माका!"

* * *

आमच्याकडच्या एका शाळेत एक हेडमास्तर होते. गळ्यात तुळशीची माळ, मासळीच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. घरात चार दिवे आणि एक इस्त्री, पण युनिटं अशी पडायची की जणू खानावळ चालवतात! दिवसाची वीज आल्यापासून तर फारच. मास्तर ऑफिसात येऊन तावातावाने म्हणाले, "तुमचं मीटर सदोष आहे. मी आठवड्यातून दोन सदरे इस्त्री करतो. बस्स!"

गेलो पेटी घेऊन. दिवे मोजले, बरोबर. राहिली इस्त्री. जोडली. चकती भिंगरीसारखी फिरू लागली. इस्त्री तापली, आणि खोलीत हळूहळू एक वास पसरला.

भिकूने नाक वर केलं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब घाटावरचे, त्यांना कळेना. पण आम्हा दोघांना शंकाच नव्हती. सुके बांगडे!

मास्तरांनी इस्त्री उलटी केली. बुडाला खवल्यांचा थर. त्यांचा चेहरा पांढराफटक! "आये!" त्यांनी हाक मारली.

ऐंशीच्या घरातली आई सावकाश बाहेर आली. इस्त्रीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

"तू शाळेत गेलंस काय एकादो भाजतंय. चुलीर भाजलंय तर घरभर वास येता, तुका कळता. ह्येच्यार पटकन होता. रोज पुसून ठेवतंय, आज ऱ्हवला."

"आये, अगो माझ्या गळ्यात माळ आहे!"

"व्हय मां! तुझ्या गळ्यात आसा. माझ्या खंय आसा?"

* * *

एका घरचं मीटर तीन महिने एकाच आकड्यावर उभं. दिवे मात्र झकास पेटतात. चोरीच असणार म्हणून आम्ही जरा ताठ्यातच गेलो. मी मीटरला हात लावतोय तोच घरची बाई धावत आली आणि आडवी उभी राहिली. "हात लावशात तर बगा!"

भिकूने शिडीवरून डोकावून पाहिलं. झाकण नीट बसलं नव्हतं, आणि चकतीखाली पालीची दोन अंडी!

बाई म्हणाली, "पिल्ला भायर पडांदेत. मगे काय व्हया ता फिरवा."

साहेबांनी रिपोर्टात काय कारण लिहिलं ते त्यांनी मला शेवटपर्यंत दाखवलं नाही.

* * *

हा एक किस्सा मात्र मी हसत सांगत नाही.

पुढे मसुऱ्याकडे लाइन गेली. तिथे दत्ताराम नावाचा एक शेतकरी. त्याची तक्रार अशी की दिवे सगळे बंद केले तरी मीटर चालतं. साहेबांचा विश्वास बसेना. आम्ही गेलो, एकेक बटण बंद केलं. खरंच, चकती सरकत होती. मुंगीच्या पावलाने, पण सरकत होती! वीज जात होती, आणि कुठे ते दिसत नव्हतं.

दत्तारामाचा संशय शेजारच्या सख्ख्या भावावर. चोरून तार ओढली म्हणून दोघांचं बोलणं बंद, एकदा तर कोयता काढण्यापर्यंत पाळी आलेली. त्यांची आई पडवीत बसली होती. तिने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "तुमी न्हाणीकडे बगितलास काय रे? थंय कोण तरी आसा. अंगार पाणी घेतलंय आणि भिंतीक हात लावलंय काय माझा मनगट धरता."

"कधीपासून, आये?"

"चार म्हयने झाले. घाडी बोलावलो, कोंबो दिलो. तरी सोडणा नाय." घाडी म्हणजे आमच्याकडचा भूतबाधा उतरवणारा.

साहेब न्हाणीकडे चालत गेले नाहीत, धावले! भिंत जांभ्या चिऱ्याची, ओली. वरून दिव्याची वायर गेलेली, तिचं रबर सोललेलं. साहेबांनी टेस्टर भिंतीला टेकवला. आतला बारका दिवा लाल पेटला! मीटरवरची ती वीज या ओल्या भिंतीत मुरत होती.

भिकूने आधी मेन स्विच ओढला. साहेब तिथेच दगडावर बसले. कपाळाला घाम. "आजी, तुम्ही उभ्या कशावर राहता?"

"पाटार. चिरो थंड लागता, माझे गुडगे दुखतत."

लाकडाचा पाट! चार महिने त्या बाईच्या आणि मरणाच्या मधे एक पाट होता. दत्ताराम आईकडे बघत उभा राहिला, आणि मग मधल्या दगडी गडग्यावरून उडी मारून भावाच्या अंगणात गेला. आम्ही नवी वायर ओढून होईपर्यंत दोघं भाऊ आईच्या दोन बाजूंना बसून होते.

सगळं ऐकून घेतल्यावर म्हातारी म्हणाली, "मगे त्या कोंब्याचा काय रे? घाडी परत दितलो?"

* * *

आता शेवटचा.

बाजारपेठेमागच्या आळीत नाईक म्हणून एक दुकानदार होते. त्यांच्या घरी मीटरला वळसा घालून टाकलेली वायर साहेबांनी स्वतः शोधून काढली. चोरी उघड! आळी जमली. नाईक मात्र शांत. पान चघळत म्हणाले, "साहेब, लोकांच्या घरी पेटी घेवन फिरतास. एकदा तुमच्या घरी लावा की."

साहेबांचं घर त्याच आळीच्या टोकाला, भाड्याचं. ते ताडकन म्हणाले, "आत्ता चला! सगळे चला!"

साहेब पुढे, मी पेटी घेऊन मागे, नाईक आणि निम्मी आळी माझ्यामागे. भिकू शिडी घेऊन सगळ्यांत शेवटी.

साहेबांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, एवढी माणसं बघून आधी चहा टाकला. मी पेटी उघडत होतो, तेवढ्यात सहज भिंतीवरच्या मीटरकडे लक्ष गेलं. चकती जाग्यावर थांबलेली. दिवे बंद असतील, म्हणून थांबली असेल. तोवर चहा आला. वाफाळता.

"वहिनी," मी विचारलं, "चहा चुलीवर केलात?"

"नाही हो, विजेच्या शेगडीवर. अजून चालूच आहे ती, दुसरं आधण ठेवलंय."

मी परत मीटरकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. काळी खूण होती तिथेच! स्वयंपाकघरात आधण खदखदत होतं, ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

साहेबांनी कप खाली ठेवला. शेगडीच्या वायरीमागे मागे जात वर बघितलं. तिनेही मीटरला वळसा घातला होता. मग माझ्याकडे वळले.

"वही काढा, परब. लिहा."

"काय लिहू, साहेब?"

"नाईकांच्या घरी लिहिलंत तेच. नाव माझं घाला."

माझा हात उठेना. त्यांनी वही ओढून घेतली, स्वतः लिहिलं, खाली सही केली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, मला काय ठाऊक! भिकूभाऊजींनी जोडून दिली. म्हणाले, अशी जोडली की मीटरला त्रास होत नाही."

सगळी आळी दाराकडे वळली. भिकू शिडीला टेकून उभा होता. साहेबांनी विचारलं, "भिकू, हे तू केलंस? माझ्या घरात?"

भिकूच्या चेहऱ्यावर लाज नाही, भीती नाही. उलट तोच दुखावल्यासारखा दिसला.

"साहेबांनू, आळीत सगळ्यांका करून दिलंय. एकट्या तुमकाच वगळूचा, ता बरा दिसता?"