नातीने न्यायाधीशबाईंना काय सांगितलं

नात जन्मली तेव्हा मी आणि विहीणबाईंनी जर्मनीत कार्ल्सरूहेला जायच्या पाळ्या लावून घेतल्या. व्हिसा तीन महिन्यांचा मिळायचा. मी परत आले की त्या जायच्या, त्या आल्या की मी. कसं कोण जाणे, उन्हाळा कायम त्यांच्या वाट्याला आणि हिवाळा माझ्या. त्यांच्या पाळीत तळं, सायकल, आइस्क्रीम. माझ्या पाळीत खोकला, गळकं नाक आणि कपड्यांचे पाच थर. भिंतीवरचे सगळे फोटो त्यांच्याबरोबरचे. मी पोरीची छाती ओव्याने शेकत बसायचे, त्याचा फोटो कोण काढतो?

विहीणबाई शाळेत शिकवायच्या. पुण्यात जर्मनचा क्लासही करून आल्या. मी चौथी पास. नातीला मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. ते विहीणबाईंना समजायचं आणि मी तिच्या हातांकडे बघत बसायचे. याचा मला राग यायचा. अजून येतो.

नात सात वर्षांची असताना मुलगा आणि सून वेगळे व्हायला निघाले. सून पोरीला घेऊन त्याच गावात दुसऱ्या घरी राहत होती, आणि तिला तिथून लांब ब्राउनश्वाइगला नोकरी लागली होती. पोर कुणाकडे राहणार ते कोर्ट ठरवणार होतं. आईकडे गेली तर माझ्या पाळ्या संपल्या. त्यामुळे त्या वेळी आम्ही दोघीही एकदमच जाऊन पोचलो. त्या लेकीकडे उतरल्या, मी मुलाकडे.

घरातल्या भांडणाचा खटला असला की तिथे बाहेरच्या माणसाला आत बसू देत नाहीत. आजी बाहेरची. आम्हा दोघींना एकाच बाकावर बसवलं. न्यायाधीशबाई नातीला एकटीला आत घेऊन गेल्या. आईबापसुद्धा बाहेर. दार लागलं.

"काय विचारतात हो आत?" मी म्हटलं.

"कुणाजवळ बरं वाटतं ते," विहीणबाई म्हणाल्या. "सकाळी मीच तिची वेणी घातली. अगदी शांत होती."

"सुटली होती वेणी. आत जाताना बघितली मी."

"तुमचं लक्ष वेणीवरच असणार."

"मग कशावर असणार? जर्मन तर तुम्हाला येतं."

नात बाहेर आली ती सरळ बापाच्या कडेवर चढली. आमच्याकडे दोघींकडेही बघितलं नाही.

पुढे निकाल आला. पोर आईकडे, सुट्ट्यांमध्ये बापाकडे. ते मी गिळलं. पण आत ती माझ्याबद्दल काही बोलली का, हे निकालात नव्हतं. तिचं बोलणं टिपलेला कागद वेगळा होता. तो वकिलाकडून आला, मुलाने वाचला आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"माझं नाव आहे का त्यात?"

"आई, ते गुप्त असतं. आम्ही दोघांनीच वाचायचं. चार तोंडी झालं तर पोरीलाच त्रास."

"मी चार तोंडांतली होय?"

"कोर्टाच्या दृष्टीने, हो."

"आहे की नाही, एवढंच सांग."

"नाही सांगणार."

तो कामावर गेल्यावर मी किल्ली शोधली. चहाच्या डब्यामागे होती. लपवाछपवी त्याला लहानपणापासून जमत नाही. दोन पानं निघाली. एक अक्षर कळलं नाही. माझ्यासाठी कुलूप लावायची गरजच नव्हती. होतं तसं ठेवून दिलं. मग मनात आलं, तिकडे विहीणबाई चष्मा लावून हेच वाचत असतील, आणि हसत असतील.

शनिवारी नात आली. मी तिच्या आवडीचा शिरा केला आणि विचारलं, "न्यायाधीशबाईंना आजीबद्दल काही बोललीस का गं?"

"गेहाइम," ती म्हणाली आणि ओठांवर बोट ठेवलं.

बोटामुळे मलाही अर्थ कळला. आमच्या घरात मोठ्यांनी विचारलं की पोरांनी सांगायचं, नाहीतर पाठीत धपाटा. इथे सात वर्षांच्या पोरीला न सांगायचा हक्क मिळाला होता. तिने शिरा संपवला आणि आणखी मागितला. मी वाढला. दुसरं काय करणार?

सून आणि नात ब्राउनश्वाइगला जायच्या आदल्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"अहो, एक विचारू? लेक मला तो कागद दाखवत नाही. कोर्टाचं आहे म्हणते. तुम्हाला काही कळलं का? माझं... म्हणजे आपल्यापैकी कुणाचं नाव घेतलं का हो तिने?"

म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पोर त्यांच्या घरात झोपत होती, तरी नव्हतं. मला खरं सांगता आलं असतं.

"कळलं ना," मी म्हटलं. "मुलाने सगळं वाचून दाखवलं."

"मग?"

"सांगता येत नाही हो विहीणबाई. कोर्टाने गुप्त ठेवलंय."

मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटलं असेल."

"वाटलं," मी म्हटलं. तेवढं मात्र खरं बोलले.